बाळाची बेरा (झोपेत करतात ती ऐकण्याची तपासणी) अर्धवट राहिली. दुसरी होईपर्यंत ऐकण्याचं मशीन लावायला थांबावं का? (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापूरची, अशोक चौकाच्या बाजूला राहते. माझी मुलगी ५ महिन्यांची आहे, तिच्या कानांबद्दल मदत हवी आहे. जरा लांबलचक लिहिते आहे, कारण यातलं महत्त्वाचं काय ते मलाच ठरवता येत नाही.

घराच्या खालीच आमचा टॉवेलचा कारखाना आहे. माग सकाळी सुरू होतात ते रात्रीपर्यंत. आमच्याकडची मुलं त्या खडखडाटातच झोपतात, त्यामुळे बाळ आवाजाने उठत नाही याचं इथे कुणाला काही वाटत नाही. उलट लाइट जाऊन माग थांबले की मुलं दचकून उठतात. माझा मोठा मुलगा हमखास उठायचा. ही २ महिन्यांची असताना एका दुपारी लाइट गेली, सगळं घर एकदम गप्प झालं, मोठा खेळता खेळता थांबला, आणि ही तशीच झोपलेली. माझ्या पोटात तेव्हाच गोळा आला. कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, शांत पोर आहे, नशीब समज.

ती ७ आठवडे आधी जन्मली. ११ दिवस काचेच्या पेटीत होती, कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, आणि डिस्चार्ज कार्डावर जेंटामायसिनची इंजेक्शनं लिहिली आहेत. घरी सोडताना ओएई ही कानांची तपासणी केली. दोन्ही कानांपुढे ‘रेफर’ असा शिक्का. महिन्याने परत या, एवढंच सांगितलं. रेफर म्हणजे दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी असं मला वाटलं, पण त्याचा अर्थ तपासणीत पास नाही, पुढे बघायला हवं. महिन्याने तिला सर्दी, मग मला ताप, असं करत दुसरी ओएई ३ महिने उलटल्यावर झाली. परत रेफर.

या वेळच्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी मात्र समोर बसवून समजावलं. आतल्या कानाच्या शंखातल्या पेशी आवाज पोचला की स्वतःही एक बारीक आवाज परत पाठवतात, तो हे मशीन पकडतं. कानात चिकटा असला, पडद्यामागे पाणी असलं, खोलीत गोंगाट असला तरी रेफर येऊ शकतं. आणि पेटीत राहिलेल्या बाळांना नुसती ओएई पुरत नाही, कारण पुढच्या नसेचं काम त्यात कळत नाही. म्हणून बेरा.

बेराच्या दिवशी झोपेचं औषध अर्धं तिने थुंकलं. तरी झोपली. कपाळावर आणि कानांमागे वायरी चिकटवल्या. डाव्या कानात ७० डेसिबलपर्यंत पाचवी लाट (आवाज नसेतून पुढे पोचल्याची खूण) दिसली, त्याहून हळू ६० ला नाही. उजव्या कानात ९० लाही दिसली नाही, पण तेवढ्यात ती उठली आणि रडायलाच लागली. रिपोर्टवर ‘रिपीट’ लिहिलं आहे. पुढची तारीख ५ आठवड्यांनंतरची.

सासूबाई (त्या माझ्या मामीच, मला मामाच्या मुलाला दिलं आहे) ताटली वाजवून दाखवतात आणि ती वळते. खरंच वळते! शेजारच्या काकू म्हणतात, "ऐकतंय की पोरगी, कशाला मशीन लावताय?" पण मी पाठीमागून, तिला दिसणार नाही अशी उभी राहून रोजच्या आवाजात "बंगारू" म्हणून हाक मारते, तेव्हा ती वळत नाही. रोज करून बघते. मग वाटतं, आपणच वाईट शोधत बसलोय का?

तर विचारायचं आहे ते असं. एका कानाचा आकडा हातात असताना मशीनसाठी ५ आठवडे थांबायचं का? ताटलीला वळते आणि बेरात ७० येतं, दोन्ही खरं कसं? घरात आम्ही तेलुगू बोलतो, मोठ्याची शाळा मराठी आहे. हिच्याशी आता एकच भाषा बोलावी का? आणि नात्यातल्या लग्नामुळे झालं असेल का, हे मला रात्री झोपू देत नाही, तेही लिहून टाकते.

प्रतिसाद:
ताई, मी लहान मुलांच्या श्रवणतपासणीचंच काम करते. तुमची हाकेची चाचणी घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त खरी आहे. आपलं रोजचं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं, ताटलीचा ठणका ७० च्या सहज वर जातो. म्हणून ती ताटलीला वळते आणि हाकेला नाही. दोन्ही एकाच कानाची गोष्ट आहे. शिवाय हात हललेला दिसतो, जवळून वाजवलं तर वाऱ्याची झुळूकही लागते.

थांबू नका. पहिल्या महिन्यात चाळणी (पहिली तपासणी), तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन असा जगभरचा दंडक आहे. आधी टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते बघणारी तपासणी) करून पडद्यामागे पाणी नाही ना ते बघून घ्या. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला ती १००० हर्ट्झच्या सुराने करावी लागते, मोठ्यांच्या २२६ च्या सुरावर पाणी असूनही निकाल ठीक येऊ शकतो. हे विचारायला लाजू नका. पाणी नसेल तर हातात असलेल्या आकड्यावर मशीन लावता येतं, बेरा पुन्हा झाली की सेटिंग बदलतात. आधी जन्मलेल्या काही बाळांचे आकडे पुढे सुधारतात, म्हणून बेरा पुन्हा हवीच. पण ते मशीन न लावण्याचं कारण नाही.

बेराच्या दिवशी पहाटे उठवा, वाटेत डुलकी लागू देऊ नका, तिथे पोचल्यावर पाजा. आदल्या रात्री डोकं धुवा आणि टाळू भरू नका, तेलावर वायरी चिकटत नाहीत. तीटही नको. औषधाचा डोस घरी देऊ नका, तिथेच देतील. आणि कानात कोमट तेल घालणारं कुणी घरात असेल तर ते आजपासून बंद.

भाषा तेलुगूच ठेवा. जी तुमच्या तोंडात सहज आहे, जिच्यात तुम्ही गाता, रागावता, लाड करता, ती. मराठी मागून येईल. लग्नाचं म्हणाल तर नात्यातल्या लग्नात आनुवंशिक कारणाची शक्यता वाढते हे खरं, रक्ततपासणीने जनुकीय दोष शोधताही येतो. पण तुमच्या बाळाला अपुरे दिवस, पेटी, जेंटामायसिन (कानाला अपाय करू शकणारं अँटिबायोटिक) ही वेगळी कारणंही असू शकतात. स्वतःला दोषी धरून आत्ता काही हाती लागणार नाही.

प्रतिसाद:
आम्ही बार्शीचे. मुलगा ८ महिन्यांचा असताना मशीन लागलं, आता ४ वर्षांचा आहे. तुमच्यापेक्षा उशीर झाला आमचा. पहिले काही महिने मशीन कानात कमी आणि जमिनीवर जास्त असायचं. टोपी घातली, दोरीची क्लिप लावली, मग टिकलं. कान वाढतो तसा मोल्ड (कानात बसणारा मापाचा साचा) सैल होतो आणि मशीन शिट्टी मारतं. पहिल्या वर्षी दर दोन-अडीच महिन्यांनी मोल्ड बदलला. शिट्टीला कंटाळून आवाज कमी करू नका, मोल्ड बदला. उन्हाळ्यात घामाने मशीन बंद पडतं, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. सेलच्या झाकणाला लॉक असलेलंच मशीन घ्या, तुमच्याकडे मोठा मुलगा पण आहे. तो बटण-सेल कुणीही गिळला तर जीवावर बेततं.

पुढे मशीनचा उपयोग कमी पडला तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा) विषय निघेल. केंद्राच्या एडीप (अपंगांना साधनं देणाऱ्या) योजनेतून ते होतं, त्याचं काम वांद्र्याची अली यावर जंग ही श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था बघते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी मुंबई. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागेल, त्याची चौकशी सिव्हिलमध्ये आत्ताच करून ठेवा. आधी मशीन लावून किती फायदा होतो तेही बघतात, म्हणजे आज लावलेलं मशीन तेव्हाही कामी येतं.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. वाचून रडले, मग नवऱ्याला वाचून दाखवलं. सकाळी त्यांनी फोन करकरून बेरासाठी गुरुवारची एक रद्द झालेली वेळ मिळवली. टिम्पॅनोमेट्रीचं विचारलं, १००० हर्ट्झची सोय आहे म्हणाले. मामींनी तेलाची वाटी स्वतःहून उचलून ठेवली, काही बोलल्या नाहीत.

एकच अजून. मोल्डसाठी कानाचं माप घेतात ते कसं? ती कानाला हात लावला तरी किंचाळते.

प्रतिसाद:
कानात आधी छोटा स्पंज बसवतात, मग मऊ पेस्ट भरतात, ५ मिनिटांत ती घट्ट होते. दुखत नाही, पण हललं तर माप बिघडतं. गुरुवारी बेरा संपली आणि ती झोपेतच असली, तर वायरी काढायच्या आधी त्यांना सांगा की माप आत्ताच घ्या. दोन्ही कानांचं.