घर मंगळवेढ्यात, पगार चाकणला.. जमीन ठेवू का विकू?

माणदेशी_पोरगा:
राम राम मंडळी. आमची वस्ती मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, ११ घरं, दसरा झाला की ६ घरांना कुलूप. आई-आप्पा पण १५ वर्षं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेले, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घ्यायची अन् ती फिटेस्तोवर लोकाच्या फडात राबायचं. आता मी चाकणला कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर, १८ हजार हातात पडतात त्यातले ७ गावाकडं. ५ एकर रान हाय, मालदांडी ज्वारी पेरतो पण पाऊस हुकला की नुसता कडबा. परवा पोरीच्या दाखल्याच्या फॉर्मवर व्यवसाय विचारलाय तर आप्पा छातीठोक म्हणले, शेती लिही. मी गप. विकून चाकणकडं गुंठा घ्यावा का आप्पा म्हणतात तसं डाळिंब लावावं?

माढेकर:
विकू नको भावा. आमच्याकडं उलटं झालंय, १९८० ला उजनी झालं, कालवे आले, ज्वारी गेली अन् ऊस आला, आता आमच्याच फडात बीडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. जिल्हा एकच पण तुमची माणसं जातात, आमच्याकडं येतात. उपसा योजनेचं पाणी तुझ्या शिवारात खरंच पोचतंय का ते बघ आधी, मग डाळिंब बिळिंब.

सांगोल्याचा_बापू:
डाळिंबाचं मला विचारा की ओ 😅 भगवा वाणावर आमच्या दादांनी स्लॅबचं घर बांधलं, दारात बोलेरो. मग तेल्या रोग आला, फळावर काळे डाग, उभ्या चिरा, फवारून फवारून दुकानदाराची उधारी, अन् त्यातनं वाचलेली झाडं खोडकिड्यानं नेली, टाचणीएवढी भोकं अन् बुडाला भुसा. ३ एकर बाग जेसीबीनं उपटली. बोलेरो आता धाकटा पुण्यात भाड्यानं चालवतो. २०१६ ला सोलापूरच्या डाळिंबाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणं, मिळू दे. लावायचंच तर पगार चालू ठेवून १ एकर, जास्त नाही.

बार्शीची_सून:
सगळे जमीन जमीन करताय, आईला विचारलं का कुणी? एक कोयता म्हणजे नवराबायको दोघांची जोडी, उचल मात्र नवऱ्याच्या हातात. माझ्या सासूनं २० वर्षं मोळ्या वाहिल्या, हिशोबाची वही कधी बघितली नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढला तर म्हणल्या, मी कोयता टाकल्यावर वाढवला होय! आता लाडकी बहीणचे १५०० येतात, पासबुक ज्वारीच्या कोठीत, वर चवाळं. सासऱ्यांना जागा माहीत नाही 🤫

माणदेशी_पोरगा:
ताई, आत्ताच फोन लावला आईला. म्हणती डाळिंब नको अन् गुंठा पण नको, ४ शेळ्या घेऊन दे, माझ्या नावावर.