१/२५ मधली १९५७ची बेल एअर : क्रोम खेळण्यासारखं दिसतंय

नोव्हीकर

मंडळी, सध्या एएमटी या कंपनीच्या प्लास्टिक किटमधून १९५७ची शेव्हरोले बेल एअर करतोय. टू-डोअर हार्डटॉप, १/२५ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाची. बॉडी लार्कस्पर ब्लू आणि टप इंडिया आयव्हरी. मिशिगनचा जानेवारी, त्यात बेसमेंट, त्यामुळे स्प्रेचा डबा कोमट पाण्यात ठेवून पातळ पातळ हात दिले. रंग मनासारखा बसलाय, संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा कुठेही नाही.

अडलंय ते पुढे. बाजूच्या पट्ट्यांना बेअर-मेटल फॉइल (मागे गोंद असलेला पातळ धातूचा पत्रा) लावलं, मागच्या फेंडरवर जी लांब पाचर आहे तिलाही तेच. ग्रिल आणि बंपर किटमधले जसेच्या तसे. सगळं जवळ धरून पाहिलं तर गाडी जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसते. शिवाय खिडक्यांच्या कडेचं फॉइल उचकटतंय. आणि इंजिनात स्पार्क प्लगच्या वायरी टाकायच्या आहेत, त्या कशाच्या करता तुम्ही?

बारीकसारीक

फॉइलपुरतं सांगतो. रंगाला पॉलिश मारलं असेल तर त्याचा अंश खाली राहतो आणि फॉइल धरत नाही. बोटाचं तेल लागलं तरी तेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल कपड्यावर अगदी थोडं घेऊन ती कड पुसा, वाळू द्या, मग लावा. दाबताना आधी कापसाचा बड, मग टूथपिकचं टोक. आणि पातं कोरं हवं. एका गाडीला चार-पाच पाती गेली तरी जाऊ देत, बोथट पातं फॉइल कापत नाही, ओढतं. फॉइलचं पान फार जुनं असेल तर त्याचा गोंद वाळलेला असतो, ते सरळ टाकून द्या.

वुडवर्ड

नोव्हीकर, तुमच्या गाडीवर सगळीकडे एकच चमक आहे, आणि खऱ्या बेल एअरवर ती तशी कुठेच नसते. तिथे धातूची चार वेगळी रूपं आहेत. बंपर पोलादाचे, क्रोम चढवलेले. बाजूच्या पट्ट्या आणि खिडक्यांच्या कडा स्टेनलेसच्या. मागची पाचर बारीक रेघांच्या अॅल्युमिनियमची. आणि ग्रिलची जाळी सोनेरी अॅनोडाइज केलेल्या अॅल्युमिनियमची. बेल एअर ही त्या वर्षीची वरची श्रेणी, आणि ती ओळखायची ती या पाचरीवरून आणि सोनेरीवरून. तिच्याखालच्या टू-टेन श्रेणीच्या दुरंगी गाडीत त्याच जागी नुसता टपाचा रंग असायचा.

पाचरीपासून सुरुवात करा. तिथलं चकचकीत फॉइल काढा. मॅट अॅल्युमिनियमचं फॉइल मिळतं ते लावा, नाहीतर कडेने मास्किंग करून टामियाचा एक्सएफ-१६ (मॅट अॅल्युमिनियम रंग) द्या. मग राखाडी इनॅमल खूप पातळ करून रेघांमध्ये सोडा आणि वरवरचं पुसून घ्या. काळा वापरू नका, या मापात काळ्या रेघा ठसठशीत होतात आणि पाचर पन्हाळी पत्र्यासारखी वाटते. रेघा जेमतेम जाणवायला हव्यात. पाचरीवरची ‘बेल एअर’ ही अक्षरं उठावाची आहेत, त्यांच्या फक्त माथ्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने सोनेरी फिरवा.

ग्रिलचं क्रोम खरवडू नका, ते इथे कामाला येतं. टामियाचे क्लिअर यलो (एक्स-२४) आणि क्लिअर ऑरेंज (एक्स-२६) एकत्र करा, ऑरेंज थेंबभरच. पातळ करून फक्त जाळीवर द्या. खालून चांदी दिसत राहते आणि वर पिवळी झाक येते, ती हुबेहूब अॅनोडाइजसारखी. बाटलीतला सोनेरी रंग कितीही चांगला असला तरी त्यात कण दिसतात. वाळल्यावर जाळीच्या खोबणीत काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग. पुढच्या फेंडरवरचे तीन छोटे बाण आणि बोनेटवरचा ‘व्ही’ हेही सोनेरी. तो ‘व्ही’ म्हणजे आत व्ही-८ आहे, म्हणून तुमचं २८३ घनइंचांचं इंजिन शेव्हरोलेच्या नारिंगीतच रंगवा.

बंपर आहेत तसे राहू देत. स्प्रूवरून (भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) कापलेल्या जागी उघडं प्लास्टिक दिसतं, तिथे मोलोटोच्या क्रोम पेनचा ठिपका पुरतो. चिकटवताना मात्र गोंदाच्या जागेचं क्रोम खरवडा, नाहीतर सिमेंट प्लास्टिकपर्यंत पोचतच नाही आणि बंपर महिन्याभरात हातात येतो.

डाव्या फिनकडेही (मागच्या फेंडरचा वर उठलेला पंख) बघा. १९५७च्या शेव्हीला पेट्रोलचं झाकण बाहेरून दिसत नाही, ते डाव्या फिनच्या मागच्या उभ्या पट्टीमागे दडलेलं असतं. ती पट्टी जिथे उघडते तिथे सुईने एक बारीक रेघ ओढा. उजव्या फिनला नको. ज्याला गाडी माहीत आहे तो पहिल्यांदा तिथेच बघतो.

मी डेट्रॉइटजवळ रॉयल ओकला राहतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी असते, तुम्हाला नोव्हीहून फार लांब नाही. सकाळी लवकर या. ऊन तिरपं असतं तेव्हा क्रोम, स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम यांतला फरक फोटोत स्पष्ट पकडता येतो, दुपारी सगळंच पांढरं होतं. मात्र तिथल्या बऱ्याच गाड्यांना पुढच्या काळातली इंजिनं आणि मोठी चाकं असतात. १९५७ला कंपनीने चाकं १५ वरून १४ इंचांची केली होती आणि गाडी त्यामुळेच बसकी दिसते. त्या बाबतीत जुन्या ब्रोशरमधली चित्रं प्रमाण माना.

आणि एक, हे किट इथल्याच मातीतलं आहे. एएमटी एकेकाळची मिशिगनमधल्या ट्रॉयची, शेव्हरोले-फोर्डच्या डीलरांसाठी प्रोमो (जाहिरातीची तयार) मॉडेल करत करत किटकडे वळलेली. गाडी डेट्रॉइटची, मॉडेल ट्रॉयचं आणि फॉइल फार्मिंग्टनचं. मला याचं फार अप्रूप आहे.

वाइंडिंगवाला (डोंबिवली)

वायरीचं मी सांगतो. खरी प्लग वायर साधारण ७ मिमी जाडीची, म्हणजे १/२५ मध्ये ०.२८ मिमी. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ३२ गेजची तांब्याची तार मिळते, ती एसडब्ल्यूजी (ब्रिटिश तार-गेज) मापाने ०.२७ मिमी भरते. आमच्याकडे ती वजनावर देतात आणि शंभर ग्रॅम तार जन्मभर पुरते. अमेरिकेत एडब्ल्यूजी (अमेरिकन तार-गेज) चालतं, तिथे २९ नंबर मागा. काळा मॅट रंग देऊन मग वाकवा. ताठ ठेवू नका, रबराची वायर थोडी लोंबते.

डिस्ट्रिब्यूटर इंजिनच्या मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ. पिन वाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) कडेने आठ भोकं आणि मधे एक, ते कॉइलकडे जाणाऱ्या तारेचं. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२, घड्याळाच्या दिशेने. सिलिंडर १, ३, ५, ७ ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, आणि २, ४, ६, ८ उजवीकडे. बोनेट लावल्यावर हे कोणाला दिसणार, असं म्हणणारे भेटतील. तुम्ही क्रमानेच लावा.

नोव्हीकर

वुडवर्ड, रात्री पाचरीचं फॉइल काढलं, खाली रंग शाबूत आहे. एक्सएफ-१६ वापरतोय. ग्रिलवर पिवळ्याचा एकच हात दिला आणि सरळ सांगतो, अख्खा चेहरा बदलला. आता काच बसवायची आहे. इनॅमल वॉश पूर्ण वाळेपर्यंत थांबू का?

बारीकसारीक

थांबा, निदान दोन दिवस. बंद गाडीत थिनरची वाफ कोंडली तर काच धुरकटते. आणि काचेला पांढरा गोंदच वापरा, सुपरग्लू जवळसुद्धा आणू नका.