शनिवारचा सिनेमा : क्लूगेंची सर्कस आणि हॉलमधली तयारी

ए-७०२: शनिवारी रात्री ८ ला आपल्या सोसायटीच्या क्लब हॉलमध्ये अलेक्झांडर क्लूगेंचा १९६८ चा जर्मन चित्रपट, 'सर्कसच्या घुमटाखालचे कलावंत : हतबुद्ध'. १०३ मिनिटं. त्याच वर्षी व्हेनिस चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. प्रोजेक्टर कोण लावतंय?

बी-३०४: मी लावतो. ताई, फाइल सेकंदाला २४ फ्रेमची (चित्रांची) आहे की २५ ची?

ए-७०२: २५ ची. थोडी वेगानं धावते, म्हणून १०३ ऐवजी ९९ मिनिटं दाखवतेय.

बी-३०४: मग सबटायटल २४ ची असतील तर घोळ होणार. सुरुवातीला बरोबर वाटतील, पण दर १० मिनिटांना साधारण २४ सेकंद मागे पडतील आणि शेवटी ४ मिनिटांचा फरक. व्हीएलसी प्लेअरमध्ये सबटायटल पुढे-मागे सरकवून भागत नाही, कारण फरक वाढत जातो. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट २४ वरून २५ करून सेव्ह करा. मग सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन संवाद तपासा.

सी-१०१: मुलांना आणायचं का? ट्रपीझ आहे म्हणे.

ए-७०२: काका, लहानांना नको. झुले, हत्ती सगळं आहे, पण सलग गोष्ट नाही. सर्कसमधल्या मानफ्रेड पाइकर्टला हत्ती घुमटापर्यंत चढवायचे असतात, तो झुल्यावरून पडून मरतो. त्याची मुलगी लेनी (अभिनेत्री हानेलोरे होगर) नव्या धर्तीची सर्कस काढायला निघते. पैसा मिळतो, तरी पहिल्या खेळाआधीच लेनी सर्कस मोडीत काढते आणि टीव्हीकडे वळते. मध्येमध्ये निवेदन, जुनी चित्रफीत, वादचर्चा. नाझी काळाच्या ओझ्याखाली कलेनं काय करायचं, हा क्लूगेंचा खरा प्रश्न. जर्मनीत नवा सिनेमा हवा असं सांगणाऱ्या १९६२ च्या ओबरहाउझन जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या २६ जणांत ते होते, त्यामुळे लेनीची अडचण त्यांच्या पिढीच्या सिनेमावाल्यांचीच आहे. म्हणून तर हा चित्रपट मला इतका जवळचा वाटतो.

सी-१०१: मग आधी दोन शब्द सांगा सगळ्यांना.

ए-७०२: नक्की. एक आत्ताच सांगते. सुरुवातीला म्युनिकमधल्या १९३९ च्या नाझी कलासोहळ्याची चित्रफीत आहे आणि त्यावर बीटल्सचं 'यस्टरडे' स्पॅनिशमध्ये ऐकू येतं. चुकीचा ऑडिओ लागला म्हणून कुणी थांबवू नका, ते तसंच आहे.

बी-३०४: चित्राची चौकट जुनी, साधारण ४:३. आपला पडदा ८ फूट रुंद, साडेचार उंच. म्हणजे चित्र मध्ये ६ फुटांचं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. त्या भरायला 'झूम' केलं तर डोकी आणि सबटायटल कापली जातात, 'वाइड' केलं तर माणसं बुटकी दिसतात. प्रोजेक्टर पडद्यापासून १२ फुटांवर, कारण आपल्या लेन्सचं गुणोत्तर १.५ आहे, म्हणजे अंतर रुंदीच्या दीडपट. टेबल सरळ ठेवा, कीस्टोननं (तिरकं चित्र सरळ करणाऱ्या सेटिंगनं) कडा धूसर होतात.

सी-१०१: चित्रपट काळा-पांढरा ना?

बी-३०४: बराचसा, काही भाग रंगीत. म्हणून प्रोजेक्टरचा 'डायनॅमिक' मोड नको, निळसर झाक येते. 'सिनेमा' मोड ठेवू. आणि सबटायटल पिवळी, काळ्या कडेची. पांढऱ्या शर्टावर पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत, आणि इथे बोलणं भरपूर आहे.

सी-१०१: गेल्या वेळी आवाज बारीक होता.

बी-३०४: एचडीएमआय केबल लावली की आवाज प्रोजेक्टरच्या छोट्या स्पीकरमधून जातो, काका. लॅपटॉपमध्ये आउटपुट हेडफोनवर घ्यायचं आणि तिथून वायर ॲम्प्लिफायरला. साडेसातला चाचणी घेऊ. हॉलची किल्ली कुणाकडे आहे?

सी-१०१: माझ्याकडे. सातला उघडतो. खुर्च्या मधल्या भागातच लावू, कडेला बसून सबटायटल वाचता येत नाहीत.