व्हॅक्यूम क्लीनर लावला की कुबट वास आणि शिंका – मदत हवी आहे

ओहोटी:
जरा लवकर सांगा कुणीतरी. गणपतीला आठ दिवस राहिलेत, मुंबईची माणसं यायची आहेत आणि व्हॅक्यूम क्लीनर लावायची सोय उरलेली नाही. लावला की दोन मिनिटांत कुबट वास सुटतो, मुलाच्या शिंका सुरू होतात आणि तासाभराने टीव्हीच्या काचेवर बारीक लाल धूळ बसलेली असते. हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळ अडवणारा) आहे, स्वच्छ आहे. हवेच्या मीटरवर पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा १४०. नवीन मशीन घ्यायचं तर कुठलं?

चिरेबंदी:
आत बॅग आहे की डबा? फिल्टर स्वच्छ म्हणजे नवा घातलात की धुतलात? धुतलात तर कधी? खोली स्लॅबची की कौलारू? १४० हा आकडा मशीन लावायच्या आधीचा की नंतरचा? हे कळल्याशिवाय नवीन मशीन सुचवणं चुकीचं होईल.

रापण:
एअर प्युरिफायर घ्या, प्रश्नच मिटेल. १२ बाय १० ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. तासाला ५ वेळा गाळायची तर १७० घनमीटर क्षमतेचा लागेल. खोक्यावर सीएडीआर, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा, लिहिलेला असतो, तो बघून घ्या.

चिरेबंदी:
रापण, हिशोब बरोबर आहे, पण मशीनच धूळ फेकत असेल तर आधी ते बंद व्हायला हवं. काचेवर बसलेली धूळ प्युरिफायर उचलत नाही.

ओहोटी:
डबा आहे, बॅग नाही. फिल्टर परवा धुतला, रात्रभर पंख्याखाली ठेवला, हाताला कोरडा लागला म्हणून बसवला. खोली स्लॅबची, मागचं माजघर कौलारू. आकडा मशीन लावल्यानंतरचा. आधी बघितलाच नव्हता.

चिरेबंदी:
मग वासाचं कारण सापडलं. 'धुऊन २४ तास वाळवा' ही सूचना कोरड्या हवेसाठी असते. आपल्याकडे भाद्रपदात हवेतला दमटपणा ८५–९० टक्के असतो. वरची घडी हाताला कोरडी लागते, पण घड्यांच्या तळाशी आणि स्पंजच्या पोटात पाणी तसंच राहतं. त्यात अडकलेली धूळ भिजते, बुरशी धरते आणि मोटरची गरम हवा तो वास खोलीभर पसरवते. मोटरच्या पुढचा स्पंज ओला असेल तर ती ओल थेट मोटरमध्ये जाते.

शिवाय फिल्टरच्या चौकटीवर 'धुता येईल' असं लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर तो कागदी हेपा आहे. एकदा भिजला की तंतू सरकतात, घड्या चिकटतात. तो टाकूनच द्यावा लागेल.

लाल धूळ मात्र वेगळी गोष्ट आहे. फिल्टर काढा आणि मोटरकडची, म्हणजे स्वच्छ असायला हवी ती बाजू टॉर्चने बघा. चौकटीच्या कडेला लाल रेघ दिसली तर हवा फिल्टरमधून न जाता कडेने पळतेय. चांगला हेपा ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणसुद्धा ९९.९७ टक्के अडवतो आणि बुरशीचे बीजाणू बहुतेक २ ते १० मायक्रॉनचे, म्हणजे त्याच्या दृष्टीने मोठेच. पण रबरी गॅस्केट (चौकटीची फट बंद करणारी पट्टी) एका कोपऱ्यात दुमडलं असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

खाजणवाट:
एवढा खटाटोप कशाला? लादीला ओलं फडकं हाच उपाय. धूळ उडतच नाही.

चिरेबंदी:
उन्हाळ्यात मान्य. पावसात खिडक्या लावून रोज ओलं पुसलं की खोलीतला दमटपणा आणखी वाढतो. गादीतले माइट (धुळीतले सूक्ष्म किडे) हवेतल्या ओलीवरच जगतात, ५० टक्क्यांच्या खाली ते टिकत नाहीत. फडकं घट्ट पिळून घ्या आणि नंतर पंखा लावा.

खाजणवाट:
५० टक्के कोकणात, ऑगस्टमध्ये? कौलारू घरात डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावलात तरी होणार नाही, रीपांमधून बाहेरची हवा आत येतच राहते.

चिरेबंदी:
माजघरात नाहीच होणार. स्लॅबच्या खोलीत दार लावून होतं.

हापूसबाग:
८५० व्हीएच्या इन्व्हर्टरवर व्हॅक्यूम क्लीनर चालेल का? इथे लाईट सारखी जाते.

रापण:
१२०० वॅटचा असेल तर नाही, ओव्हरलोड होऊन ट्रिप होईल. व्होल्टेज कमी असतानाही वापरू नका, मोटर हळू फिरते आणि ओढ कमी होते.

ओहोटी:
रेघ आहे! खालच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर, कुंकवासारखी लाल. गॅस्केट तिथे आत वळलंय. फिल्टरवर 'धुता येईल' लिहिलंय. पण १४० चं काय?

चिरेबंदी:
गॅस्केट आणि खाच आधी कोरड्या ब्रशने, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. रबर चपटं झालं असेल तर नवं घाला, चिकटपट्टी लावू नका.

मीटरचं म्हणाल तर स्वस्त लेसर मीटर दमट हवेत आकडा फुगवतं. कण पाणी पिऊन फुगतात, त्यात समुद्राचं मीठ तर फारच. म्हणून १४० ची तुलना भारतीय मानकाच्या ६० शी करू नका, तो २४ तासांच्या सरासरीचा आकडा आहे. फरक बघा. फिल्टर सुकल्यावर खिडक्या लावा, मशीन न लावता आकडा लिहून घ्या. मग ब्रश जमिनीपासून वर उचलून ५ मिनिटं मशीन चालवा. आकडा चढला तर मशीन गळतंय. तेव्हा स्थिर राहून ब्रश गादीवर फिरवल्यावरच चढला तर धूळ गादीतून उडतेय.

फिल्टर फ्रिजच्या मागे गरम हवेत किंवा एसी ड्राय मोडवर ठेवून खोलीत उभा करा. हेअर ड्रायर नको, गोंद सुटतो. किचनच्या काट्यावर वजन करत राहा. सहा तासांच्या अंतराने दोन वजनं सारखी आली की सुकला समजा. आणि पुढच्या वर्षी मेमध्येच धुवा, जून ते सप्टेंबरसाठी दुसरा सुका संच ठेवा.

ओहोटी:
सकाळी ९४ ग्राम होता, आत्ता ८७. बसवू?

चिरेबंदी:
नको. सात ग्राम पाणी आत्ताच गेलंय, म्हणजे अजून आहे. उद्या सकाळी परत मोजा.