मदत हवी आहे: सासूबाईंना स्तनांच्या कॅन्सरच्या तपासणीला कसं न्यायचं? आणि कुठली तपासणी?

सासूबाई ५८ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यात गावी असतात. मी पुण्यात. गेल्या महिन्यात आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या होत्या. बीपी, साखर, तंबाखू, सगळं व्यवस्थित सांगून झालं. मग स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदललाय का, हे विचारलं. आई तिन्हीला "नाही" म्हणून मोकळ्या. समोर दीर बसलेले, दुसरं काय म्हणणार?

नंतर मी फोनवर विचारलं तर, "अगं, दुखत नाही काही, मग डॉक्टरला दाखवू काय?" सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, हे गळी उतरत नाहीये. मुळात आमच्या घरात स्तन हा शब्दच नाही. छाती म्हणायचं, आणि छाती म्हटलं की सगळे ईसीजी काढायला धावतात.

टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या अभ्यासाबद्दल वाचलं. मुंबईच्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायका, १९९८ पासून २० वर्षं. त्यातल्या निम्म्या बायकांना शिकवून तयार केलेल्या सेविकांनी दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, नुसत्या हाताने तपासलं. तेवढ्यानेही आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही.

सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ वयात दर ५ वर्षांनी हातानेच तपासतात म्हणे. उपकेंद्रात हे कोण करतं? आडोसा असतो का? की सरळ मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून घेऊ? आणि मी ३४ची, मीही करायची का?

प्रतिसाद १
मी निवृत्त सिस्टर. उपकेंद्रात एएनएम (तिथल्या नर्स) किंवा सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) तपासतात. सीएचओ पुरुष असू शकतो, म्हणून सिस्टर कधी असतात ते आशाताईंना आधी विचारा. आडोसा नसेल तर बेधडक मागा. ५८ व्या वर्षी मॅमोग्राफी जमत असेल तर जरूर करा. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ नको, फोटोत पांढरे ठिपके दिसू शकतात. मशीनमध्ये स्तन दाबतात तेव्हा थोडं दुखतं, ते आधीच सांगून ठेवा. तुमच्या वयात स्तन बहुधा आतून दाट असतात, मॅमोग्राफीत नीट दिसत नाही. गाठ लागली तर डॉक्टर बहुधा सोनोग्राफी सांगतील. तुमच्या सख्ख्या आईला, बहिणीला हा कॅन्सर झालेला असेल तर मात्र आत्ताच डॉक्टरांशी बोला. आणि हो, गाठ म्हणजे कॅन्सरच असं नाही, बहुतेक गाठी साध्या असतात. हे आईंनाही सांगा, निम्म्या बायका त्या भीतीनेच येत नाहीत.

प्रतिसाद २
आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या तपासणीबद्दल सांगायला सिस्टरना बोलावलं होतं. वाण देऊन झाल्यावर पुरुषमंडळींना अंगणात पिटाळलं. मग बायकांचे प्रश्न थांबेनात.

धागाकर्ती
आभार! जाऊबाईही यायला तयार आहेत, म्हणजे आई एकट्या पडणार नाहीत. शनिवारी गावी जातेय. आईंना तूर्तास "बीपी मोजायला जाऊ" एवढंच सांगितलंय. चालेल ना?

प्रतिसाद १
नाही चालणार. आत गेल्यावर ब्लाउज काढायला सांगितला की पुन्हा तुमच्याबरोबर कुठेही येणार नाहीत. सांगूनच न्या.