सर्व्हिस चार्टमधून खोडलेल्या ओळी: इलेक्ट्रिक गाड्या आणि जुन्या कंपन्या

जुना_पाना:
कपाट आवरताना एका पेट्रोल गाडीचा जुना सर्व्हिस चार्ट हाती लागला. दर १०,००० किमीला ऑइल आणि ऑइल फिल्टर, मग एअर फिल्टर, प्लग, फ्युएल फिल्टर, क्लच, लाखाच्या आसपास टायमिंग बेल्ट. इलेक्ट्रिक गाडीसाठी एकेक ओळ खोडत गेलं तर शेवटी उरतं ते एवढंच: केबिन फिल्टर, दोन-एक वर्षांनी ब्रेक ऑइल, कूलंट, टायर, वायपर, १२ व्होल्टची बॅटरी आणि रिडक्शन गिअरचं तेल, तेही क्वचित.

खोडलेली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाचा तरी कारखाना. पिस्टन रिंगा, इंजेक्टर, सायलेन्सर, क्लच प्लेट. जुन्या कंपन्यांनी शंभर वर्षं ज्वलन, गिअर आणि धूर यांवर हात बसवला. आता गिऱ्हाईक पैसे मोजतं ते बॅटरीचे सेल आणि सॉफ्टवेअरसाठी, आणि या दोन्ही गोष्टी त्या बाहेरून आणत होत्या. खरं संकट हे आहे. मोटर काय, कुणालाही करता येते.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या विक्रीचा वेगही बघा. २०२० मध्ये जगभर ३० लाखांच्या आसपास, २०२४ मध्ये १ कोटी ७० लाखांहून जास्त (प्लग-इन हायब्रिड धरून). म्हणजे दर पाच नव्या गाड्यांत एक. चीनमध्ये जवळपास निम्म्या. नॉर्वेत २०२४ साली ८८.९ टक्के नव्या गाड्या निव्वळ बॅटरीच्या होत्या.

ज्यांचा या कामाशी संबंध आहे त्यांनी लिहा. काय बदललं, कुठे बिघडतं, का बिघडतं. आकड्यांसकट लिहिलंत तर फार बरं.

ओहम:
१२ व्होल्टपासून सुरू करतो, कारण गाडी बंद पडली की बऱ्याचदा दोषी हीच निघते. गाडी चालवणारा मोठा बॅटरी पॅक ९० टक्के भरलेला असला तरी त्याचे कॉन्टॅक्टर (पॅक गाडीला जोडणारे मोठे स्विच) ओढायला १२ व्होल्टच लागतात. ती बॅटरी बसली की दारं उघडायचीही पंचाईत.

गाडी झोपलेली असताना एखादं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जागं राहतं आणि बॅटरी चोखत बसतं. फोनवरचं ॲप सारखं उघडून चार्ज बघितलं तरी गाडी दर वेळी जागी होते. दोन-तीन तास उभ्या गाडीचं मीटरने माप घ्या. १२.६ किंवा वर म्हणजे उत्तम, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, त्याखाली वारंवार जात असेल तर बदलाच. जंप द्यायचा तर १२ व्होल्टच्या टर्मिनललाच द्यायचा. उलट इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याच्या इंजिनाला जंप देऊ नका. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, एवढ्यासाठी ती छोटी बॅटरी आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या पॅकवरून १२ व्होल्ट देणारा) बनवलेलेच नाहीत.

सुलभा_के:
ब्रेक कमी झिजतात म्हणतात, मग डिस्कवर गंज का चढतो? कुणीतरी नीट सांगा.

कॅलिपर:
सुलभाताई, कमी झिजतात म्हणूनच. रिजनरेशनमुळे मोटरच गाडी थांबवते, पॅड डिस्कला लागतच नाहीत, मग गंज घासून जाणार कसा? पावसाळी हवेत मागच्या डिस्कला तर लवकर धरतो. त्याहून वाईट म्हणजे कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना अडकतात. मग एक पॅड डिस्कला घासत राहतो, तो एका बाजूने संपतो आणि रेंजही घटते.

उपाय: आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, पाच-सहा वेळा जरा जोरात ब्रेक. बऱ्याच गाड्यांत न्यूट्रलला रिजन बंद होतं, तेव्हा न्यूट्रल टाकून दाबलं तर सगळं काम पॅडवर येतं. वर्षातून एकदा पिना काढून पुसायच्या आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस नको, रबर फुगतं. ब्रेक ऑइल मात्र पाणी शोषतंच, गाडी कुठलीही असो.

पाना म्हणतात त्या ओळींचा डीलरच्या गल्ल्याशी थेट संबंध आहे. नवी गाडी विकून डीलरला फार सुटत नाही, वर्कशॉप त्याला जगवतं. तेलच नाही, फिल्टर नाही, तर तो इलेक्ट्रिक गाडी पुढे होऊन का विकेल? नव्या कंपन्यांपैकी बऱ्याच जणांनी डीलरच ठेवले नाहीत, तिथे हा तिढा उद्भवतच नाही.

मेधा_ज:
+१. उभ्या उभ्या वाचतेय. एलएफपीवाल्यांनी (लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी) रोज १०० टक्के चार्ज करायचं का, यावर कुणी लिहा ना.

सेल_आणि_कोष:
मेधाताई, आधी फरक सांगतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल भरला की ४.२ व्होल्ट, एलएफपी ३.६५. पण एलएफपीचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात ३.२-३.३ वरच रेंगाळतो. ३० टक्के काय नि ७० काय, बीएमएसला (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला) वाचता येत नाही, ते आत-बाहेर गेलेला करंट मोजून अंदाज बांधतं आणि रोजची चूक साठत जाते. १०० टक्क्यांना व्होल्टेज एकदम वर उसळतो, तेव्हा त्याला ठाम खूण मिळते. म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण भरायचं. नाही भरलं तर पडद्यावर १५ टक्के दिसत असताना गाडी थांबण्याचा प्रसंग येतो. एनएमसीला मात्र रोज ८० पुरे, १०० फक्त प्रवासाच्या आधी, आणि भरल्यावर फार वेळ उभी ठेवायची नाही.

शून्याखालच्या तापमानात चार्ज करताना दोन्हींना जपा. सेलच्या ऋण टोकाच्या ग्रॅफाइटमध्ये लिथियम शिरत नाही, वर धातूचा थर साठतो, आणि ते नुकसान कायमचं. थंडीत गाडी आधी पॅक गरम करते आणि मगच पूर्ण वेगाने चार्ज घेते, तो बिघाड नव्हे.

आता धाग्याच्या मुद्द्याकडे. बीवायडी १९९५ मध्ये बॅटरीची कंपनी म्हणून सुरू झाली, गाड्यांत आली २००३ ला. २०२० मध्ये ब्लेड बॅटरी आणली: एलएफपीचे लांब चपटे सेल, मधले मॉड्यूलचे डबे काढून थेट पॅकमध्ये. मार्च २०२२ मध्ये निव्वळ पेट्रोलच्या गाड्या बंद केल्या. सेल स्वतःचा असेल तर किंमत, आकार, जागा सगळं आपल्या हातात राहतं. विकत घेतलेल्या सेलभोवती गाडी बांधणाऱ्याला ते जमत नाही.

प्रवासी_८०:
सेल विकत घेण्याचा धोका बघायचा तर जनरल मोटर्सची इलेक्ट्रिक गाडी शेवरोले बोल्ट. २०२१ मध्ये एकूण एक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण होतं एकाच सेलमध्ये दोन दोष एकत्र येणं, ॲनोडची (ऋण टोकाची) फाटलेली टॅब आणि दुमडलेला सेपरेटर (दोन टोकांमधला पडदा). सेल केले एलजीने, नाव खराब झालं जनरल मोटर्सचं.

आणि हीच जनरल मोटर्स १९९६ मध्ये ईव्ही१ ही इलेक्ट्रिक गाडी घेऊन सर्वांच्या पुढे होती! १,११७ गाड्या, फक्त भाड्याने दिलेल्या. नंतर परत घेऊन बहुतेक चेपून टाकल्या. अजून वाईट वाटतं.

जुना_पाना:
प्रवासी, अगदी. निसानची इलेक्ट्रिक गाडी लीफही २०१० च्या अखेरीस आली, म्हणजे जुन्या कंपन्या झोपल्या होत्या असं नाही म्हणता येत. पण लीफच्या पॅकला पाण्याची कूलिंग नव्हती, उष्ण भागांत क्षमता भराभर घटली. सुरुवात केली आणि धरून ठेवली नाही.

टर्मिनल_घट्ट_करा:
घरच्या वायरिंगबद्दल कुणीच बोललं नाही अजून. आगीचा धोका इथेही असतो.

१६ अँपिअरच्या सॉकेटवर गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी आठ तास. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. सैल स्क्रूमुळे जोडात फक्त ०.०१ ओहम वाढला तरी ३२ अँपिअरला तिथे १० वॉट उष्णता तयार होते, नखाएवढ्या जागेत, रात्रभर. प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं.

करायचं काय: चार्जरला बोर्डापासून वेगळी लाइन, मध्ये दुसरं काही जोडायचं नाही. ३२ अँपिअरला ६ चौरस मिमी तांबं, अंतर लांब असेल तर १०. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) ४० चा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) टाइप ए, आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय हवी, नसेल तर टाइप बी. एसी टाइप अजिबात नको, डीसी गळतीने तो आंधळा होतो. अर्थिंग मोजूनच घ्या. पहिल्यांदा अर्धा तास चार्ज करून प्रत्येक जोडाजवळ हात लावून बघा (उघड्या तारेला नव्हे, बाहेरून), आणि महिन्याने स्क्रू पुन्हा आवळा, तांबं दबून सैल होतं. मेन स्विच पाडूनच, हे सांगायला नको.

साध्या सॉकेटवरच करायची वेळ आली तर करंट १० अँपिअरवर आणून ठेवा.

मेधा_ज:
हे कॉपी करून ठेवलं. ६० युनिटचा पॅक, २० ते ८० करायला किती वेळ मग?

टर्मिनल_घट्ट_करा:
३६ युनिट आत जायला हवेत. दहा टक्के वाटेत जातात, म्हणजे ४० ओढायचे. ७.२ किलोवॉटला साडेपाच तास.

बायनरी_भाऊ:
सॉफ्टवेअरचं मी लिहितो. जुन्या पद्धतीच्या गाडीत सत्तर-शंभर छोटे कंट्रोलर असतात. खिडकीचा एकाचा, ब्रेकचा दुसऱ्याचा, सीटचा तिसऱ्याचा, आणि प्रत्येकातला कोड त्या-त्या पुरवठादाराच्या ताब्यात. एक सुधारणा करायची तर पाच कंपन्यांशी पत्रव्यवहार. नव्या कंपन्यांनी पहिल्यापासून दोन-चार मोठे संगणक आणि भागाभागाने वायरिंग केलं, कोड स्वतःचा, म्हणून रात्रीत अपडेट जातं.

फोक्सवॅगनने आयडी.३ ही इलेक्ट्रिक गाडी सॉफ्टवेअर पुरतं तयार नसताना २०२० मध्ये ग्राहकांना द्यायला सुरुवात केली. सॉफ्टवेअरसाठी वेगळी कंपनी काढली, कॅरियाड. शेवटी २०२३ मध्ये चीनच्या एक्सपेंग या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीत ७० कोटी डॉलर घालायचं ठरवलं, २०२४ मध्ये अमेरिकेच्या रिव्हियनबरोबर ५८० कोटी डॉलरपर्यंतचा करार. १९८४ मध्ये याच कंपनीने शांघायला भागीदारी करून गाड्या कशा करायच्या हे शिकवलं होतं. चाळीस वर्षांत शिकवणारा नि शिकणारा यांच्या जागा बदलल्या.

कॅलिपर:
भाऊ, पटलं, पण सगळ्या जुन्यांना एका मापाने मोजू नका. ह्युंदाई-कियाने ८०० व्होल्टचा प्लॅटफॉर्म (अनेक गाड्यांचा एकच पाया) २०२१ मध्ये सामान्य गाडीत आणला. २०० किलोवॉट घ्यायचे तर ४०० व्होल्टला ५०० अँपिअर, ८०० ला २५०. करंट निम्मा म्हणजे त्याच केबलमध्ये उष्णता चौथाई. जुनी कंपनी मनावर घेते तेव्हा असंही करून दाखवते. अडचण पैशाची आहे. इंजिनाचे कारखाने चालू ठेवून त्यांच्याच नफ्यातून नवं उभारायचं. फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाला २०२३ मध्ये ४७० कोटी डॉलर तोटा झाला, तो पेट्रोल-डिझेलच्या ट्रकांनी भरून काढला.

सुलभा_के:
तिथे काम करणाऱ्यांचं वाईट वाटतं. आयुष्यभर क्रँकशाफ्ट घासणाऱ्याने एकदम काय करायचं?

ओहम:
सुलभाताई, शिकता येतं, आणि मेकॅनिकांसाठी तर काम भरपूर आहे. फक्त सवयी बदलाव्या लागतात. नारिंगी केबल (मोठ्या व्होल्टेजची) दिसली की थांबायचं. सर्व्हिस प्लग (मोठ्या पॅकचा प्रवाह तोडणारा) काढून खिशात ठेवायचा, दहा मिनिटं कपॅसिटर रिकामे होऊ द्यायचे, १००० व्होल्टचे हातमोजे घालून मोजायचं. मीटर आधी चालू सप्लायवर तपासायचा, मग गाडीवर, मग परत चालू सप्लायवर. मीटरच मेलेला असेल तर शून्य दिसतंच.

इन्सुलेशनचा दोष (पॅकची वीज गाडीच्या बॉडीकडे झिरपणं) आला तर हिशोब सोपा आहे: डीसीला दर व्होल्टमागे किमान १०० ओहम, म्हणजे ४०० व्होल्टला ४० हजार. त्याखाली गेलं की शोध आधी कूलंटचा घ्या. काही गाड्यांना वीज कमी वाहून नेणारा खास कूलंट लागतो. कुणीतरी दुकानातला साधा ओततं, आणि पुढे थोडी गळती झाली की गाडी उभी.

मेधा_ज:
आणि टायर? आमच्याकडे सगळे म्हणतात लवकर जातात.

प्रवासी_८०:
जातात. वजन जास्त, टॉर्क पहिल्या सेकंदापासून, त्यात आतली कड आधी संपते आणि ती उभ्याने दिसत नाही. दर १०,००० किमीला टायरांच्या जागा बदला, अलाइनमेंट बघा, लोड इंडेक्स (टायरवरचा वजन पेलण्याचा आकडा) मूळचाच घ्या. आवाज कमी करायला आतून फोम चिकटवलेला असतो, पंक्चर काढताना तेवढा तुकडा कापून, रबर घासून स्वच्छ करून मगच पॅच. फोमवर पॅच धरत नाही. बाहेरून भरायचं सीलंटही फोमच पिऊन टाकतो.

मेधा_ज:
फोमचं आजच कळलं. चाक बसवताना पंक्चरवाल्याला आधीच सांगावं लागेल.

कॅलिपर:
सांगाच. आणि जॅक कुठे लावायचा तेही दाखवा. पॅकच्या पत्र्याखाली लावला तर पत्रा दबून सेलपर्यंत जातो. कडेच्या खुणेवरच लावायचा, मध्ये रबराचा ठोकळा ठेवून.