मदत हवी आहे: वाटी वाजवली तरी बाळ खुळखुळ्याकडेच बघतं

सईची_आई: लेकीसमोर एका हातात स्टीलची वाटी, दुसऱ्या हातात लाकडी खुळखुळा धरते. नवरा माझ्या पाठीमागे दुसरी वाटी चमच्याने वाजवतो. ती वाटीकडे बघतच नाही! लाकडी ठोकळे आपटले की मात्र नजर बरोबर खुळखुळ्यावर. सासूबाई म्हणतात कान तपासा. प्लीज लवकर सांगा.

मंदाकाकू: अगं, वय किती बाळाचं?

गारवा: जन्मल्यावर कानांची ओएई (नवजात बाळाची ऐकण्याची प्राथमिक तपासणी) केली होती का? मागून आवाज झाला तर दचकते का?

कोकणकर: सावंतवाडीची लाकडी खेळणी द्या. आमची दोन्ही मुलं त्यांवरच वाढली. स्टील, प्लास्टिक बाळाजवळ नकोच.

मंदाकाकू: @कोकणकर, खेळणी कोणी विचारलीत? आपल्या घरात दिवसभर ताटं-वाट्याच वाजतात, त्या लपवून ठेवायच्या का?

तेजू८८: दात येत असतील. जायफळ उगाळून द्या.

गारवा: @तेजू, अजिबात नको. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही.

सईची_आई: साडेचार महिने. ओएई पास. झोपेतही दचकते. आता सांगा ना कुणीतरी!

वाचनवेडा: मग माझ्या मते घाबरू नका. 2018 साली जपानी संशोधकांनी 4 ते 8 महिन्यांच्या बाळांच्या मेंदूतला रक्तप्रवाह प्रकाशाने मोजून हेच तपासलं होतं. लाकडाचं दिसणं आणि आवाज यांची सांगड आधी बसते, धातूची नंतर. धातूची सांगड साधारण सहाव्या महिन्यानंतर दिसते; संशोधकांच्या मते हे बहुधा कुठला पदार्थ बाळाच्या किती ओळखीचा आहे यावर ठरतं. मऊ-कडक हा फरक त्याआधी कळतो. लॉरेन बॅरिक यांनी 1983 मध्ये ओले स्पंज आणि लाकडी ठोकळे वापरून चार महिन्यांच्या बाळांत ते दाखवलं होतं. वाटी तिच्या हातात द्या, तिलाच आपटू द्या. दिसणं, स्पर्श आणि आवाज एकाच क्षणी मिळाले पाहिजेत. तुमच्या खेळात आवाज पाठीमागून आणि वाटी समोर स्थिर, हे मोठ्यांनाही गोंधळात टाकेल.

गारवा: प्रयोगशाळेतलं घरी लावून मोकळं होऊ नका हो. @सईची_आई, जन्मानंतर कावीळ, काचेच्या पेटीत ठेवणं, असं काही?

सईची_आई: कावीळ खूप वाढली होती, रक्त बदलावं लागलं. पण ती पूर्ण बरी झाली म्हणून लिहिलं नाही.

गारवा: हेच आधी हवं होतं! इतक्या काविळीनंतर कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला इजा होऊ शकते. अशा वेळी ओएई पास येते, कारण ती फक्त आतल्या कानापर्यंतचं बघते. बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, हे बघणारी तपासणी) करून घ्या. बाळ झोपलेलं असताना होते, दुखत नाही. कुठे राहता?

सईची_आई: ठाण्यात.

गारवा: वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या संस्थेत विचारा. वाटीचा खेळ चालू राहू दे, पण बेरा याच आठवड्यात.

वाचनवेडा: कावीळ माहीत नव्हती. गारवाशी सहमत, बेरा आधी.

सईची_आई: उद्या सकाळीच फोन करते.

तेजू८८: @कोकणकर, सावंतवाडीत खुळखुळा कुठे मिळेल?

कोकणकर: चितार आळीत.